परबांचा कान

परबकाकांचा पहिला फोन आला तेव्हा मी मोबाईल कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी त्यांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत जात होता. "वेबसाइटवाल्या बाई का? मी परब! करी रोडवरून! ओल काढतो!"

ओल काढतो. बस, एवढीच ओळख.

मी गिरगावात घरबसल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिते. रंग, चित्रं, बटणं दुसरं कोणीतरी टाकतं, शब्द माझे. लोणचीवाले, पडदेवाले, नृत्याचे क्लासवाले, सगळे माझ्याकडे येतात आणि सगळ्यांना एकच वाक्य हवं असतं: 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय.' हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा लिहिलंय की आता बोटं आपोआप टाइप करतात, मला तिथे हजर राहावं लागत नाही. त्यामुळे "ओल काढतो" ऐकल्यावर मी खुर्चीत जरा सरळ झाले. म्हटलं, काका, म्हणजे नेमकं काय करता? पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग एका बाईचं कुजबुजणं. मग पुन्हा तोफ: "समक्ष या! फोनवर ओल दिसत नाही!"

गेले. करी रोडला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचा गाळा होता. गाळा कसला, कपाटच ते. आत काका स्टुलावर आणि त्यांची सून वैशाली उभी, कारण दुसरं स्टूल ठेवायला जागा नाही. काका बुटके, साठी कधीच ओलांडलेले, कडक इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कानावर पेन्सिल. सिमेंट-मातीत काम करणाऱ्या माणसाचा शर्ट इतका पांढरा कसा, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. वैशाली तिशीतली, ओढणी कमरेला बांधलेली, कमी बोलणारी. मुलगा कुठल्याशा ऑफिसात होता. त्याला ह्या धंद्याचं नावही नको होतं, असं काकांनी मला पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"मग लिहू का, 'लीकेजची सर्व कामे केली जातील'?" मी वही उघडून विचारलं.

काकांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि स्वतःचं तोंड वाकडं केलं. "लीकेज म्हणजे काय ते सांगा आधी."

"म्हणजे… गळतं ते."

"गळतं ते गळतं! ठिबकतं ते ठिबकतं! झिरपतं ते झिरपतं, पाझरतं ते पाझरतं! सगळ्याला तुम्ही लीकेज म्हणायला लागलात तर मी औषध कशावर देऊ?"

आणि मग त्या कपाटात माझी शाळा भरली. छत गळतं तेव्हा वर सरळ भोक असतं, ते शोधायला शहाणपण लागत नाही. ठिबकतं तेव्हा पाइपाचा सांधा सुटलेला असतो. थेंबाला ताल असतो, वर कोणी नळ सोडला की ताल बदलतो. झिरपतं ते स्लॅबमधून, महिनोन्‌महिने, वरच्यांच्या न्हाणीत जे झालं ते खालच्यांना पुढच्या सणाला दिसतं. पाझरतं ते भिंतीतून, बाहेरच्या अंगाने. मी आपली भराभरा लिहून घेतेय. शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि हे चार शब्द आयुष्यभर एकाच डब्यात कोंबून ठेवले होते!

"चार झाले," मी म्हटलं. "अजून आहे काही?"

"घाम," काका म्हणाले आणि स्वतःशीच हसले. दादरला एका घरी भिंत ओली होती म्हणून त्या लोकांनी शेजाऱ्यांना वकिलाची नोटीस पाठवली होती. काकांनी भिंतीला तळहात लावला, आजूबाजूला बघितलं आणि निघाला एसी. ह्यांच्याच बेडरूममध्ये दिवसरात्र थंडी, पलीकडे पॅसेजमध्ये उकाडा, भिंतीला घाम फुटणार नाही तर काय? "मी म्हटलं, साहेब, ओल तुमचीच आहे. तर माणूस नाराज! लोकांना ओल काढायची नसते हो बाई. चूक काढायची असते. शेजाऱ्याची."

तरुणपणी काका मिलमध्ये होते, तेही मजेशीर खात्यात. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून मिलमध्ये हवेत ओल धरून ठेवणारं एक खातंच असायचं. काका त्यात. लूम चालू असलेल्या शेडमध्ये बारा-बारा तास. "तेव्हा ओल राहावी म्हणून पगार, आता ओल जावी म्हणून बिदागी," असं ते म्हणायचे, आणि हा विनोद ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. वैशाली त्या वेळी दर वेळी छताकडे बघायची.

मला आता वेबसाइटपेक्षा ह्या माणसाचंच वेड लागलं. मी म्हटलं, काका, मला एकदा कामावर न्या, बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. हे अर्धं खरं होतं. अर्धा निव्वळ चोंबडेपणा.

पण त्याआधी गिऱ्हाइकांसाठी त्यांची एक अट. वरच्या मजल्यावरच्यांना खाली आणल्याशिवाय हातोडी काढणार नाही. खालच्यांच्या घरात, त्या डागाखाली, वरच्यांनी बसून चहा घ्यायचा. मगच काम.

"हे वेबसाइटवर नको हां," मी म्हटलं. "सहा महिने बोलत नसलेल्या माणसांना कोण चहाला बोलावेल? पळून जातील तुमची गिऱ्हाइकं."

"पळू देत! वरच्यांनी डाग बघितलेलाच नसतो हो. त्यांनी नुसतं भांडण बघितलेलं असतं."

शीवला एका इमारतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. खाली एक काकू राहायच्या, ओलीखालून सरकवत सरकवत त्यांचा पलंग पार खोलीच्या मधोमध आलेला, वर प्लास्टिक पांघरलेलं. वरचे गृहस्थ आले ते दारातच ताठ उभे. बसायला तयार नाहीत. काकांनी त्यांना खांद्याला धरून सरळ त्या पलंगावर बसवलं, हातात कप दिला आणि म्हणाले, "वर बघा." छतावर पेन्सिलीने काढलेल्या तीन रेघा होत्या, एकात एक. काका प्रत्येक खेपेला डागाच्या कडेने रेघ मारून तारीख घालायचे, म्हणजे डाग किती पसरला ते कळतं. गृहस्थ वर बघतायत, बघतायत, आणि काय सांगू, एक भलामोठा पोपडा सुटला आणि नेमका त्यांच्या चहात! काकू "अगं बाई" करून उठल्या. गृहस्थ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही उगाच बोंबलता. उद्या फोडा आमचं बाथरूम."

"फोडू काय लगेच!" काका ओरडले. "आधी विचारू तरी द्या पाण्याला!"

पाण्याला विचारायची त्यांची रीत म्हणजे रंग. जिलबीत घालतात तो खायचा रंग खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटल्यांत कालवून ठेवलेला. न्हाणीच्या जाळीत लाल ओतला, बेसिनमध्ये हिरवा, वॉशिंग मशीनच्या पाइपात निळा. आणि मग थांबायचं. "पाण्याला घाई नसते," असं म्हणून ते खरोखरच थांबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन: कोपरा निळा झालाय! न्हाणी सहा वर्षं बदनाम, आणि चोर निघालं वॉशिंग मशीन. काकूंनी वरच्यांना स्वतःहून पोहे पाठवले म्हणे.

रंगाने घर कळतं, पण नेमकी जागा कळत नाही. जागेसाठी लादी वाजवायची. काका उकिडवे बसून लाकडी दांड्याने एकेक लादी वाजवत जायचे. खाली भरीव असेल तर टक्क बोलते, पाण्याने खालचा माल वाहून गेला असेल तर बद्द. मला तर सगळ्या लाद्या सारख्याच ऐकू आल्या. काका मात्र वाजवत वाजवत जायचे आणि एका लादीवर थांबून पेन्सिलीने फुली मारायचे. तिथे फोडलं की खाली चिखल. चुकायचेच नाहीत. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. न्हाणीत लख्ख उजेड, खिडकी उघडी, दुपारचे बारा, तरी वैशाली मागे बॅटरी घेऊन उभी. मधूनच ती बॅटरी लावायची, लादीवर झोत मारायची, बंद करायची. मी विचारलं, उजेड कमी पडतो का? ती म्हणाली, "सवय आहे, ताई."

मी घरी आले आणि एका बैठकीत मजकूर लिहिला. ध्येय नाही, समाधान नाही, काही नाही. वेबसाइट उघडल्या उघडल्या दिसणार होतं: 'भिंतीतलं पाणी डोळ्यांना दिसत नाही. परबांच्या कानाला ऐकू येतं.' खाली ते पाच शब्द, मग चहाची अट. मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते मोठ्याने म्हणून बघितलं. गर्व झाला हो मला, उगाच कशाला लपवू.

गाळ्यात वाचून दाखवलं. काका पुढे झुकून माझ्या तोंडाकडे बघत होते. "पुन्हा वाचा," म्हणाले. मी जोरात वाचलं. "छान लिहिलंय," ते म्हणाले. मग स्टुलावर मागे सरले, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "ते कानाचं तेवढं काढा."

"अहो तेच तर आहे सगळं!"

"काढा."

"का पण? जाहिरातीत एवढं तेवढं चालतं, काका."

"चालतं कसं?" ते असे काही भडकले की जिन्यावरून उतरणारा माणूस वाकून आत बघायला लागला. "माझ्या नावावर आहे ते! चालतं म्हणे!"

मलाही राग आला. काढते म्हटलं, वही मिटली आणि निघाले. पुलापाशी पोचले तोवर वैशाली मागून धावत आली.

"ताई, ते राहू द्या. कानाचं."

"अगं, त्यांनाच नकोय."

ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाबांना ऐकू येत नाही."

तिने मग सगळं सांगितलं. आधी बारीक आवाज गेले, मग लादीचा गेला. मोठ्याने बोललेलं, समोरून बोललेलं कळतं, तेही बरंचसं ओठांवरून. फोनवर तर काहीच नाही, फोन स्पीकरवर असतो आणि ती समोर उभी राहून ओठांनी, हाताने सांगते. मशीन आणलं होतं कानाचं, पण त्यात पंखा, गाड्या, लादी सगळंच सारखं वाजतं म्हणून ते डब्यात पडून आहे. तीन वर्षं झाली.

"मग लादी?"

"वाजवतात ते. ऐकते मी. पोकळ लागली की बॅटरी लावते."

एवढं मोठं दुःख ती सांगतेय आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर, हात्तिच्या, बॅटरीचं कोडं सुटलं! नंतर लाज वाटली.

"मग तुझंच नाव टाकूया की," मी म्हटलं. "कान तुझा आहे."

"माझं नाव बघून कोण बोलावणार? गेल्या वर्षी बाबा तापाने झोपलेले तेव्हा परळला एकटी गेले होते. दारातच विचारलं, मिस्त्री कुठाय? म्हटलं, मीच. तर म्हणाले, वहिनी, मिस्त्री आला की या." तिने ओढणीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "बाबांचं नाव आहे तोवर मला काम आहे, ताई. त्यांना ऐकू येत नाही हे फुटलं की संपलं. आणि मला हे काम आवडतं. खरंच आवडतं. पोळीभाजी केंद्र काढ म्हणतात घरचे. मला नाही काढायचं."

म्हणून मी ते वाक्य राहू दिलं. वैशालीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, हेही त्यात होतंच. वेबसाइट सुरू झाली तेव्हा वैशालीने काकांना मोबाईलवर फक्त खालचे ते पाच शब्द दाखवले. ते खूश झाले.

पुढच्या महिन्यात वैशाली भावाच्या लग्नाला कणकवलीला गेली. काका एकटेच गाळ्यात. अशा वेळी ते काम घेत नसत, काहीतरी सबब सांगत. पण त्या दिवशी भोईवाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, गावडे म्हणून, स्वतः गाळ्यात आले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याच घरात ओल उतरली होती. त्यांनी मोबाईल काकांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "हाच ना तो कान? चला, घेऊन चला." काकांनी ते वाक्य वाचलं. मी काढते म्हणून सांगितलेलं, न काढलेलं.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, असं ते नंतर मला म्हणाले. पण समोर लिहिलेलं होतं ना, परबांचा कान म्हणून. तोंडातून 'नाही' फुटेना.

ते गेले. गावड्यांच्या वर तिसऱ्या मजल्यावर प्रधानबाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्याच. बाईंचे गुडघे दुखतात, त्या खाली उतरत नाहीत, असं गावडे म्हणाले, आणि काकांनी चहाची अटसुद्धा सोडली. रंगासाठी थांबले नाहीत. गावडे आणि कमिटीचे दोघं पाठीशी उभे, कान बघायला आलेले. काकांनी प्रधानबाईंच्या न्हाणीत लाद्या वाजवल्या. काही ऐकू येईना. हाताला कंपनं लागतात का बघितलं. शेवटी अंदाजाने एका लादीवर फुली मारली. प्रधानबाई दारात उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. बोलताना तोंडावर हात ठेवायची त्यांना सवय, आवाजही बारीक. काकांना वाटलं, हो म्हणतायत. त्यांनी फोडायला घेतलं.

खाली सगळं कोरडं ठाक. दुसरी लादी फोडली, तिसरी फोडली. भुरभुरीत कोरडी माती. बाई एकदा न्हाणीत पडल्या होत्या म्हणून न घसरणाऱ्या लाद्या मुद्दाम बसवून घेतल्या होत्या, त्यातल्या तीन गेल्या. मग गावड्यांनीच काकांच्या समोर येऊन मोठ्याने सांगितलं, "अहो, त्या तीनदा म्हणाल्या, माझ्याकडून नाही म्हणून!"

वैशाली गावाहून परतली तसा तिचा मला फोन आला. "बाबा बोलावतायत."

मी लगेच करी रोडला गेले. काका स्टुलावर बसले होते. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"काढते म्हणाला होतात," ते म्हणाले.

"चुकलं माझं, काका."

"मीच सांगितलं होतं त्यांना, बाबा," वैशाली म्हणाली. काकांना कळलं नाही. तिने समोर वाकून पुन्हा सांगितलं, ओठ नीट हलवून.

काका आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून मला कान दिलात होय! माझ्याकडे नसलेला." मग मला म्हणाले, "वही काढा. नवीन लिहा."

मी पेन उघडलं. "दत्ताराम परब यांना," ते म्हणाले आणि अडकले. "यांना आता…" पुन्हा अडकले.

मी आपली मदत करायला गेले, धंद्याची सवय. "असं करूया का, 'ऐकण्याचं काम आता वैशाली परब पाहतात.' तेवढंच. कारण द्यायला हवं असं थोडंच आहे?"

"हवंच! कारण नाही दिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने हौस म्हणून सुनेला पुढे केलं. मला येत नाही हे कळल्याशिवाय हिला येतं हे कोण मानेल?"

"बाबा, कामं बंद होतील," वैशाली म्हणाली. "मला कोण बोलावणार नाही. लिहू नका."

हे त्यांना ओठांवरून कळलं असावं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात घातली. "आज नकाच लिहू," ते म्हणाले. "आधी भोईवाड्याला प्रधानबाईंची न्हाणी नीट करून देऊ, मग तिथेच सगळ्यांना तोंडाने सांगतो. तोंडाने सांगितलं नाही ते लिहायचं कसं? गो वैशाली, उद्यापासून तू पण चल. बाई, सांगायच्या दिवशी तुम्हीसुद्धा या."

मी काकांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, भोईवाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर. नंतर लवकरच ते गावी गेले, कायमचे. वैशालीशी माझं बोलणं होतं, त्यांच्याशी फोनवर कसं होणार?

आधीच्या तीन दिवसांत दोघांनी प्रधानबाईंची न्हाणी पुन्हा करून दिली होती, तशाच लाद्या परळमधून शोधून आणून. त्या तीन दिवसांत बाई काकांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही पॅसेजमध्ये खुर्ची टाकून नुसत्या बघत होत्या. प्रश्न तर तसाच होता, गावड्यांच्या छतात पाणी येतंय कुठून? गावडे, कमिटीचे दोघं, मी, सगळे त्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये उभे. वैशालीने भिंतीशी बसून दांडा वाजवायला घेतला तसे गावडे चुळबुळले.

"काका, ह्यांना कशाला त्रास? तुम्हीच वाजवा ना. त्या दिवशी चुकलं असेल, होतं माणसाकडून."

काकांना ऐकू गेलं नाही. ते वैशालीकडे बघायला लागले. तिला वाटलं असतं तर ती काहीही सांगू शकली असती. ती उठली, त्यांच्या समोर आली आणि गावडे जे म्हणाले ते जसंच्या तसं, हळूहळू, त्यांना सांगितलं.

काकांनी मान हलवली. दांडा तिच्याच हातात राहू दिला. मग गावड्यांकडे वळून काहीतरी बोलले, इतकं हळू की त्यांच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालात?" गावडे म्हणाले.

"ऐकू येत नाही म्हणतो!" आता मात्र त्यांचा खरा आवाज लागला. "मला ऐकू येत नाही! तीन वर्षं झाली! लादी मी वाजवतो, ऐकते ही! सगळ्या कामांत हीच ऐकत आली! त्या दिवशी ही नव्हती, म्हणून मी बाईंची न्हाणी फोडली! आता हिला विचारा, मला विचारू नका!"

सगळा जिना दुमदुमला. खालच्या मजल्यावर दोन दारं उघडल्याचा आवाज आला. वैशाली खाली मान घालून उभी होती आणि मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, मिस्त्री आला की या.

गावडे काकांकडे बघत राहिले, मग कमिटीच्या दोघांकडे. पण घरात छत टपकत असलं की माणूस फार वेळ अडून राहत नाही. "मग वहिनी," ते म्हणाले, "तुमचं म्हणणं काय? कुठे फोडायचं?"

वैशालीने भिंतीला कान टेकवला, दांडा दोनदा वाजवला आणि बोट ठेवलं. "इथे. बाईंच्या घरातलं नाहीच हे. आत गच्चीवरून उतरणारा पाइप असणार. सोसायटीचा."

गावड्यांचा चेहरा पडला. तो पाइप बदलायचा विषय त्यांनी दोन मीटिंगांत पुढे ढकलला होता, हे कमिटीतल्या एकाने तिथल्या तिथे सांगून टाकलं. वैशालीने छिन्नी लावली. चौथ्या घावाला भिंतीतून काळं पाणी आलं. मी जिन्यात सरकून उभ्या उभ्या मोबाईलवरच वेबसाइट उघडली आणि माझं ते सगळ्यात चांगलं वाक्य पुसून टाकलं. तिथे लिहिलं, 'दत्ताराम परब यांना आता ऐकू येत नाही. भिंतीतलं पाणी वैशाली परब ऐकतात.'

मान वर केली तर प्रधानबाई खुर्चीवरून उठत होत्या. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्या काकांपर्यंत गेल्या. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आपलं तोंड त्यांच्या कानाशी नेलं, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परब! मी सांगितलं होतं! माझ्याकडून नाही!"

काकांनी दोन्ही हात जोडले.

"हो बाई," ते म्हणाले. "आता ऐकलं."